खरा परवाना, खोटी परीक्षा

वाहन चालवण्याचा परवाना खिशात ओळखपत्रासारखा वापरला जात असला, तरी मुळात ते शासनाने परीक्षा घेऊन दिलेले प्रमाणपत्र असते, आणि त्याचा धारक इतरांच्या जिवाला धोका न पोहोचवता सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवू शकतो, एवढीच एक गोष्ट ते प्रमाणित करते. १ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३ नुसार असा परवाना जवळ असल्याशिवाय कोणालाही सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. कायद्याच्या मराठीत त्याला अनुज्ञप्ती म्हणतात, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या, म्हणजे आरटीओच्या, आवारात आणि घराघरांत तो लायसन्स म्हणूनच ओळखला जातो. हे प्रमाणपत्र गैरमार्गाने मिळवले गेले की फसवणूक दोघांची होते: एक ते देणाऱ्या शासनाची, आणि दुसरी, अधिक गंभीर, त्या प्रमाणपत्रावर नकळत विसंबून रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी माणसाची.

ही लबाडी दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात कागद खोटा असतो, म्हणजे वय, पत्ता, शिक्षण, आरोग्य किंवा ओळख यांपैकी काहीतरी बनावट दाखवलेले असते, किंवा सबंध परवानाच छापखान्यात तयार झालेला असतो. दुसऱ्या प्रकारात सगळे कागद अस्सल असतात, शिक्का आणि स्वाक्षरी खरी असते, शासकीय संगणकात नोंदही सापडते, परंतु ज्या परीक्षेच्या आधारावर परवाना दिला गेला ती परीक्षा एकतर झालेली नसते किंवा नावापुरती झालेली असते. भारतीय कायदा पहिल्या प्रकाराच्या बाबतीत चांगलाच कडक असून दुसऱ्या प्रकारासमोर जवळजवळ हतबल आहे, आणि अपघातांच्या दृष्टीने पाहिले तर अधिक घातक असलेला प्रकार नेमका हा दुसराच आहे.

परवान्याची सरळ वाट

छत्रपती संभाजीनगर शहराची वाहने एमएच-२० या क्रमांकाने ओळखली जातात. येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अखत्यारीत जालना (एमएच-२१) आणि बीड (एमएच-२३) ही कार्यालयेही येतात. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींमुळे या पट्ट्यात दुचाकीवरून कामाला जाणारे कामगार, कंपन्यांचा माल वाहणारे टेम्पोचालक आणि रिक्षाचालक यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत परवाना म्हणजे थेट पोटापाण्याचा प्रश्न असतो. सोयगावसारख्या शंभरेक किलोमीटरवरच्या तालुक्यातून आलेल्या उमेदवाराला एका फेरीत काम झाले नाही तर आणखी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते, ही साधी वस्तुस्थिती पैसे घेऊन परवाना मिळवून देणाऱ्या दलालाच्या धंद्यामागचे एक मोठे कारण आहे.

नियमाने जाणाऱ्याची वाट अशी असते. आधी शिकाऊ परवाना, म्हणजेच बोलीभाषेतले लर्निंग, काढावे लागते. त्यासाठी वाहतुकीचे नियम आणि चिन्हे यांवर आधारित बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा होते आणि ती उत्तीर्ण होण्यासाठी किमान ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि तो मिळाल्यानंतर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची प्रत्यक्ष चाचणी देता येते. गिअर नसलेली, ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी वयाच्या १६ व्या वर्षी, इतर खाजगी वाहने १८ व्या वर्षी आणि प्रवासी किंवा मालवाहतुकीची वाहने २० व्या वर्षी चालवता येतात. डिसेंबर २०१६ मध्ये ठरवलेल्या दरांनुसार प्रत्येक वाहनवर्गासाठी शिकाऊ परवान्याचे शुल्क १५० रुपये व चाचणीचे ३०० रुपये, तर पक्का परवाना देण्याचे शुल्क २०० रुपये आहे. चाचणीत नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते, मात्र तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावे लागते. शुल्काची रक्कम फारशी जड नाही. खरा भार फेऱ्यांचा, बुडालेल्या मजुरीचा आणि नापास होण्याच्या भीतीचा असतो, आणि दलाल जे विकतो ते या भाराखालून सुटकाच असते.

कागदाची लबाडी

खोट्या कागदाचे प्रकार त्या त्या काळातल्या नियमांना जुळवून घेत बदलत गेलेले दिसतात. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी किमान आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती, तोवर शाळा सोडल्याच्या बनावट दाखल्यांना बाजारात मागणी होती. पंधरा वर्षे ट्रक चालवलेल्या, पण चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला त्या अटीने खोट्या दाखल्याकडे ढकलले आणि वाहन चालवण्याच्या कौशल्याची हमी मात्र कोणालाच दिली नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ही अट काढून टाकली आणि त्यासरशी या विशिष्ट लबाडीचे कारणच उरले नाही. यावरून असेही दिसते की काही खोटेपणा माणसांच्या लोभातून जन्मतो, तर काही गैरलागू नियमांतून.

आरोग्य प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी आहे. व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी, तसेच चाळिशी ओलांडलेल्या अर्जदारासाठी नोंदणीकृत डॉक्टरांनी तपासून दिलेले ‘नमुना १-अ’ हे प्रमाणपत्र लागते, ज्यात दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, ऐकू येणे आणि हातापायांची हालचाल यांविषयी डॉक्टर लेखी हमी देतात. इतर अर्जदारांकडून ‘नमुना १’ मध्ये स्वतःच्या प्रकृतीविषयीचे प्रतिज्ञापन पुरेसे मानले जाते. उमेदवाराला न पाहताच प्रमाणपत्रावर सही झाली, तर लांबचा फलक न दिसणारा किंवा फिट येणारा माणूस महामार्गावर जड वाहन घेऊन उतरू शकतो, आणि त्या कागदावर जोपर्यंत अपघात होत नाही तोपर्यंत कोणाचीही नजर जात नाही.

याखेरीज एकाच व्यक्तीने दोन ठिकाणांहून दोन परवाने घेणे, एका ठिकाणी परवाना निलंबित झाल्यावर ती गोष्ट लपवून दुसरीकडे अर्ज करणे, परीक्षेला स्वतःऐवजी दुसऱ्याला बसवणे, आणि वाहन प्रशिक्षण केंद्रात पाऊलही न ठेवता तिथले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळवणे हे प्रकार आहेत. ‘नमुना ५’ या नावाने ओळखले जाणारे हे प्रशिक्षण प्रमाणपत्र फार काही सांगून जाणारे आहे. नियमांप्रमाणे हलक्या खाजगी वाहनाचा अभ्यासक्रम किमान २१ दिवसांचा आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान दहा तास, तर व्यावसायिक वाहनाचा किमान ३० दिवसांचा आणि त्यात किमान १५ तास असणे बंधनकारक आहे. हे तास केंद्राच्या नोंदवहीत लिहिलेले असतात, परंतु नोंदवहीतल्या तासांत गाडी खरोखर फिरली की फक्त पेन फिरले, हे त्या कागदावरून ठरवता येत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्यात या विषयाशी थेट संबंध असलेली दोन कलमे आहेत. कलम १९ नुसार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला, धारकाला म्हणणे मांडण्याची संधी देऊन, ठरावीक काळासाठी त्याला अपात्र ठरवण्याचा किंवा त्याचा परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे, आणि ज्या कारणांसाठी तसे करता येते त्यांत फसवणुकीने किंवा खोटी माहिती देऊन परवाना मिळवणे हे एक स्वतंत्र कारण म्हणून नोंदवलेले आहे. या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. हे कलम परवाना काढून घेते. मात्र ते तुरुंगात पाठवत नाही.

शिक्षेची तरतूद कलम १८२ मध्ये आहे. जो मनुष्य परवाना धारण करण्यास अपात्र ठरलेला असताना वाहन चालवतो, परवान्यासाठी अर्ज करतो किंवा तो मिळवतो, किंवा आपल्या आधीच्या परवान्यावरील पृष्ठांकने, म्हणजे जुन्या गुन्ह्यांच्या व शिक्षांच्या नोंदी, लपवून नवा परवाना घेतो, त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि असा परवाना निष्प्रभ ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हा दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये होता. विनापरवाना वाहन चालवणाऱ्याला कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि परवाना नसलेल्याच्या हाती वाहन देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तितकीच शिक्षा आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होतो, वाहनाची नोंदणी एक वर्षासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर येथे अल्पवयीन चालकाकडून झालेल्या अपघातानंतर या कलमाची चर्चा घरोघरी झाली.

कागद खोटा असेल तर फौजदारी कायद्याची कलमे अधिक जड पडतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा घेतलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८, तोतयेगिरीसाठी कलम ३१९, बनावट दस्तऐवज तयार करण्यासाठी कलम ३३६ आणि तो खरा म्हणून वापरण्यासाठी कलम ३४० आहे. फसवणुकीच्या हेतूने दस्तऐवज बनावट केल्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी केली असल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ड या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

पैसे देऊन परीक्षेत पास होणाऱ्याचे काय, हा प्रश्न राहतो. २०१८ मध्ये भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर लाच घेणे जसा गुन्हा आहे तसाच लाच देणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला असून, त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. बळजबरीने लाच द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळते. दलालाला दिलेल्या जादा रकमेतला काही भाग आत जातो हे ठाऊक असूनही ती रक्कम हसत देणारा उमेदवार म्हणजे केवळ व्यवस्थेचा बळी नसून गुन्ह्यातला सहभागी ठरू शकतो, याची जाणीव बहुतेकांना नसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे परिक्षेत्र कार्यालय छत्रपती संभाजीनगरमध्ये आहे आणि १०६४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक राज्यभर चालतो.

परीक्षेची लबाडी

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळता येईल. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १५ मध्ये चाचणीच्या वेळी उमेदवाराने काय काय करून दाखवायचे याची तपशीलवार यादी आहे: आरसा नीट करणे व पट्टा बांधणे, चढावर गाडी मागे न घसरू देता पुढे काढणे, गिअर क्रमाने वर नेणे आणि वेळेवर खाली आणणे, वळताना व थांबताना खूण करणे, मागून येणाऱ्याला वाट देणे, आणि मर्यादित जागेत गाडी मागे घेणे. ही यादी जशीच्या तशी पाळली तर एका उमेदवारामागे बराच वेळ जाईल. प्रत्यक्षात राज्यात अनेक ठिकाणी दुचाकीच्या उमेदवाराने पाय न टेकवता आठचा आकडा काढणे आणि चारचाकीच्या उमेदवाराने प्रशिक्षण केंद्राच्या गाडीत बसून काही मीटर पुढे जाऊन परत येणे एवढ्यावर चाचणी संपते. त्या गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक आणि क्लच असतो, त्यामुळे गाडी उमेदवाराने थांबवली की शेजारच्याने, हे लांब उभ्या असलेल्या मोटार वाहन निरीक्षकाला कळणे अवघड असते. अशा चाचणीतून दिलेल्या परवान्यात बनावट असे काहीच नसते, आणि म्हणून बनावटगिरीचे एकही कलम त्याला लागत नाही.

या प्रकाराचा सर्वांत काटेकोर अभ्यास दिल्लीत झाला. मारियान बर्ट्रांड, सिमेऑन द्यांकोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी परवाना काढू इच्छिणाऱ्या ८२२ जणांचे तीन गट केले. एका गटाला परवाना लवकर मिळवल्यास रोख बक्षीस देऊ केले, दुसऱ्याला गाडी चालवण्याचे मोफत शिक्षण दिले आणि तिसऱ्याला आपापल्या वाटेने जाऊ दिले. परवाना मिळाल्यावर सर्वांची स्वतंत्र चाचणी घेतली गेली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आपापल्या वाटेने गेलेल्या गटातील परवाना मिळवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी शासकीय चाचणी दिलीच नव्हती, आणि निम्म्याहून अधिक जण स्वतंत्र चाचणीत गाडी चालवण्यास अपात्र ठरले. या गटाने परवान्यासाठी मोजलेली रक्कम अधिकृत शुल्काच्या दुपटीहून जास्त होती. दलालाशिवाय थेट चाचणीला गेलेल्यांत कोण नापास होतो याचा त्याच्या कौशल्याशी फारसा संबंध आढळला नाही, म्हणजे नापास होण्याची टांगती तलवार हीच लोकांना दलालाच्या दारी पाठवत होती. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी होती: गाडी येत नाही असे सांगणाऱ्या ग्राहकाला परवाना मिळवून देण्यास दलाल सहज तयार होत, मात्र पत्त्याचा पुरावा नाही असे सांगणाऱ्याच्या बाबतीत ते कचरत किंवा जास्त पैसे मागत. कागदाचा नियम पाळला जात होता आणि कौशल्याचा नियम विकला जात होता.

हे चित्र एका शहरापुरते नव्हते. सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेने २०१७ मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत ५९ टक्के परवानाधारकांनी आपण चाचणी दिली नसल्याचे सांगितले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी देशातील सुमारे ३० टक्के परवाने बोगस असल्याचे विधान संसदेतही केले आहे. दुसरीकडे, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ आणि महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि केंद्रीय मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत अपघातग्रस्त वाहनांच्या चालकांपैकी बहुसंख्यांकडे वैध परवाना असल्याचे दिसते. परवाना आणि कौशल्य यांचे नाते किती सैल झाले आहे, याचा हा बोलका पुरावा मानता येईल.

दलाल हटवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातही झाले. जानेवारी २०१५ मध्ये तत्कालीन परिवहन आयुक्त महेश झगडे यांनी राज्यातील आरटीओ कार्यालयांच्या आवारात एजंटांना बंदी केली. त्यावर मोठी चर्चा झाली आणि विरोधही झाला. परंतु ज्या त्रासातून सुटण्यासाठी लोक एजंटाकडे जातात तो त्रास कमी झाल्याशिवाय एजंटाचे टेबल आवारातून फक्त रस्त्यापलीकडच्या टपरीत जाते, हा अनुभव जुना आहे.

घरबसल्या परीक्षा

त्रास कमी करण्याचा पुढचा प्रयत्न जून २०२१ मध्ये झाला. तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते आधार क्रमांकावर आधारित घरबसल्या शिकाऊ परवान्याची सुविधा राज्यात सुरू झाली. अर्जदाराचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र आधारच्या नोंदीतून आपोआप येत असल्यामुळे वय आणि पत्ता यांबाबतची जुनी लबाडी जवळजवळ बंद झाली. कोविडच्या काळात गर्दी टाळण्यासाठी आणि दूरच्या तालुक्यांतील उमेदवारांची फेरी वाचवण्यासाठी ही सुविधा निःसंशय उपयुक्त होती.

परंतु पडद्यासमोर कोण बसले आहे, हे त्या व्यवस्थेला नीट पाहता येत नव्हते. सुविधा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत उमेदवाराऐवजी एजंट किंवा सेतू या नागरी सेवा केंद्रावरचा कर्मचारीच परीक्षा देत असल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. उमेदवार मोबाइलवर आलेला ओटीपी, म्हणजे एकदाच वापरायचा सांकेतिक क्रमांक, सांगतो. समोरचा मुलगा रस्ता सुरक्षेची चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवतो, पाठ झालेल्या प्रश्नांची उत्तरे टिचक्या मारून देतो आणि काही मिनिटांत लर्निंगची प्रत छापून हातात ठेवतो. उमेदवाराला ‘वाहन उभे करण्यास मनाई’ आणि ‘थांबण्यास मनाई’ या दोन चिन्हांतला फरकही विचारला गेलेला नसतो. सुधारणेने कागद पक्का केला आणि परीक्षा आणखी पातळ केली, असा तिचा ताळेबंद मांडावा लागतो. यात ओटीपी देणारा आणि परीक्षा देणारा दोघेही कायद्याच्या दृष्टीने दोषी ठरू शकतात, पण तोतयेगिरी सिद्ध करायची तर परीक्षेच्या क्षणाचा पुरावा लागतो, आणि तो जपून ठेवलेला नसेल तर कलम कागदावरच राहते.

अपघातानंतर काय होते

परवान्यातला खोटेपणा बहुतेक वेळा उघडा पडतो तो नाकाबंदीत नव्हे, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर, म्हणजे अपघातातील मृतांच्या वारसांना व जखमींना भरपाई ठरवून देणाऱ्या न्यायपीठासमोर. तिथे विमा कंपनी चालकाच्या परवान्याची संबंधित आरटीओकडून पडताळणी करून घेते आणि परवाना बनावट निघाला तर पॉलिसीची अट मोडल्याचे सांगून जबाबदारी नाकारते.

या वादात सर्वोच्च न्यायालयाने तीन टप्प्यांत वाट आखली आहे. न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध कमला या २००१ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की मुळात बनावट असलेला परवाना एखाद्या अधिकाऱ्याने नूतनीकरण करून दिला म्हणून खरा होत नाही. नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्ण सिंग या २००४ च्या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की परवाना बनावट आहे एवढे दाखवून विमा कंपनीची सुटका होत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे असा चालक ठेवला, हेही तिने सिद्ध केले पाहिजे, आणि योग्य प्रकरणांत आधी पीडिताला भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करावी. त्यानंतरच्या निकालांत, अगदी २०२३ च्या इफ्को टोकियो विरुद्ध गीता देवी या निकालापर्यंत, चालकाने दाखवलेला परवाना दिसायला खरा असेल आणि त्याला गाडी येते याची मालकाने खात्री केली असेल, तर त्याने देशभरातल्या आरटीओंकडे चौकशी करत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, ही भूमिका कायम राहिली.

समजा, वाळूजमधील एका लघुउद्योजकाने टेम्पोसाठी परराज्यातला परवाना असलेला चालक ठेवला, परवान्याची झेरॉक्स घेतली, पण गाडी चालवून पाहायला सांगितले नाही, आणि बीड बायपासवर अपघात होऊन एक दुचाकीस्वार दगावला. परवाना बनावट निघाल्यास वारसांना भरपाई बहुधा मिळेल, परंतु मालकाने पुरेशी काळजी घेतली नाही असे ठरल्यास ती सबंध रक्कम विमा कंपनी त्याच्याकडून वसूल करू शकेल. हाच परवाना अस्सल असेल, पण चाचणी न देता मिळवलेला असेल, तर यातला कोणताही प्रश्न उपस्थितच होणार नाही: विमा कंपनी पैसे देईल, मालक निर्धास्त राहील, चालकावर निष्काळजीपणाचा खटला चालेल, आणि ज्या चाचणीने त्याला रस्त्यावर सोडले तिच्याबद्दल कोणीही काही विचारणार नाही.

दुसऱ्या देशात विचारले गेलेले प्रश्न

परवाना देणाऱ्या चाचणीबद्दलचा हा प्रश्न विचारला गेला तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सापडते. नोव्हेंबर १९९४ मध्ये शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात एका ट्रकचा धातूचा भाग रस्त्यावर पडला, मागून येणाऱ्या व्हॅनची इंधनटाकी त्यावर आदळून पेटली आणि एकाच कुटुंबातील सहा मुलांचा मृत्यू झाला. ट्रकचालकाचा परवाना इलिनॉयच्या कार्यालयातून लाच देऊन मिळवलेला असल्याचा आरोप पुढे आला. त्याचा माग काढताना संघराज्याच्या तपास यंत्रणांना असे आढळले की परवाना कार्यालयातील कर्मचारी ट्रकचालकांकडून पैसे घेत होते आणि त्या पैशांतला काही भाग त्या खात्याचे प्रमुख जॉर्ज रायन यांच्या निवडणूक निधीत जात होता. या तपासातून सत्तरहून अधिक जण दोषी ठरले, आणि पुढे राज्यपाल झालेल्या रायन यांना २००६ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांखाली साडेसहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तिथला परवानाही कागद म्हणून अस्सल होता. तपास पुढे सरकला तो चालकापाशी न थांबता परवाना देणाऱ्या खिडकीपर्यंत गेल्यामुळे.

पडताळणी आणि सुधारणा

सामान्य वाचकाला स्वतःपुरते बरेच काही करता येते. परवान्याचा क्रमांक वाचता आला तरी ढोबळ लबाडी लक्षात येते. त्यातील पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक कार्यालयाचे, त्यानंतरचे चार अंक परवाना प्रथम दिल्याच्या वर्षाचे आणि शेवटचे सात अंक अनुक्रमाचे असतात. म्हणजे एमएच२० नंतर २००४ हे आकडे असतील आणि चालकाचे वय आज तीस असेल, तर त्याला परवाना मिळाला तेव्हा तो शाळकरी मुलगा होता असा अर्थ निघतो. परिवहन मंत्रालयाच्या ‘सारथी’ या संगणकप्रणालीत परवान्याचा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून त्याची वैधता व वाहनवर्ग पाहता येतो, आणि डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपवरील परवाना कायद्याने मान्य आहे. घरचा ड्रायव्हर, शाळेच्या रिक्षाचा काका किंवा कारखान्याचा चालक ठेवताना झेरॉक्सवर न थांबता ही पडताळणी करणे, आणि तासभर त्याच्या शेजारी बसून गाडी चालवून घेणे, ही मालकाची कायदेशीर ढालसुद्धा ठरते.

शासनाच्या पातळीवर मात्र उत्तर चाचणीतच शोधावे लागेल. पुण्याजवळ भोसरी येथे वाहनचालन प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या मार्गिकेवर चारचाकीची चाचणी होते. अशा मार्गिकांवर कॅमेरे आणि संवेदके बसवलेली असल्यास गाडी कठड्याला लागली, चढावर मागे घसरली किंवा पट्टीबाहेर गेली तर तिची नोंद यंत्रच करते, आणि निरीक्षकाच्या मर्जीला तसेच दलालाच्या आश्वासनाला वाव कमी उरतो. २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ आहे. ही सवलत योग्य आहे, पण त्या केंद्रांची तपासणी ढिली राहिली तर ‘नमुना ५’ च्या नोंदवहीचाच इतिहास अधिक महागड्या इमारतीत पुन्हा घडेल. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने अर्जदाराला राज्यातील कोणत्याही कार्यालयात अर्ज करण्याची मुभा दिलेली असल्यामुळे, एका शहरात कडक मार्गिका आणि शेजारच्या जिल्ह्यात सैल चाचणी असा भेद राहिल्यास उमेदवारांचा ओघ सैल जागेकडेच वळेल. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर, जालना आणि बीड यांना एकाच मापाची चाचणी लागू करणे आवश्यक ठरते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुराव्याची आहे. चाचणीचे चित्रण, गुणपत्रक आणि चाचणी घेणाऱ्या निरीक्षकाचे नाव परवान्याच्या संगणकीय नोंदीशी कायमचे जोडले गेले, आणि प्राणघातक अपघातानंतर पोलिसांनी व दावा प्राधिकरणाने ते मागवणे ही नेहमीची पद्धत झाली, तर कलम १९ मधील ‘फसवणुकीने मिळवलेला परवाना’ या शब्दांत न झालेली परीक्षाही प्रथमच पकडता येईल, आणि जबाबदारी चालकापुरती न राहता ती परीक्षा घेणाऱ्यापर्यंत पोहोचेल. तशी नोंद नसेल तर दंडाची रक्कम पाचशेवरून दहा हजारांवर गेली काय किंवा त्याहून पुढे गेली काय, तिचा धाक खोटा कागद बाळगणाऱ्यालाच वाटेल, आणि खऱ्या कागदावर गाडी न येणारा माणूस रस्त्यावर उतरत राहील.